हँडबॉल होता का नव्हता? तुमचे किस्से सांगा

काल परत फुटबॉलच्या युरो 2024 ची जर्मनी-स्पेन क्वार्टर फायनल बघितली. त्या दिवशी मी इथे जर्मनीतच, ऑफिसच्या पोरांबरोबर बघत होतो. एक्स्ट्रा टाइममध्ये आपल्या, म्हणजे जर्मनीच्या, मुसियालाचा शॉट स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर आदळला, सगळे खुर्च्यांवर उभे, आणि रेफ्री अँथनी टेलर म्हणतोय खेळा! मग 119 व्या मिनिटाला मेरिनोचा गोल, जर्मनी घरी. शेजारचा एरवी मुका माणूस तेव्हा जे बोलला ते मला जर्मनच्या क्लासात कुणी शिकवलं नव्हतं. आणि सहाच दिवस आधी डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला बॉल निसटता लागला, बॉलमधल्या चिपचा आलेख दाखवून जर्मनीला पेनल्टी मिळाली, तेव्हा हाच बाबा नियम म्हणजे नियम म्हणत होता. असो. खेळणारे, बघणारे, शिट्टी मारणारे सगळे लिहा.

---

कोल्हापुरात हा विषय काढू नका राव, पेठा पेटतात. शाहू स्टेडियमला मॅच, मी बॅकला. कॉर्नर आला, मागनं धक्का बसला, तोल सावरायला हात वर गेला आणि बॉल कोपराला. रेफ्रीला दिसलंच न्हाई, मी आपला गप. त्यांचा फॉरवर्ड अजून रस्त्यात भेटला की नुसतं कोपर दाखवतो. पंधरा वर्षं झाली!

---

मी पीटी शिकवते. शाळांच्या मॅचला लाईनमन वगैरे काही नसतं, मीच सगळं. सातवीतल्या मुलीने जोरात आलेला बॉल बघून दोन्ही हात तोंडासमोर धरले, मी पेनल्टी दिली. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, "मॅडम, मग नाकावर घ्यायचा होता का?" काय उत्तर देणार?

---

मी जिल्हा लेव्हलला सात वर्षं रेफ्रीगिरी केली. हाताला लागला की फाऊल असं नसतं हो. हात मुद्दाम बॉलकडे नेला का, किंवा त्या हालचालीला गरज नसताना हात पसरून अंग मोठं केलं का, हे बघायचं. काखेच्या रेषेच्या वर लागला तर हँडबॉलच नाही. त्यात नियम बदलत राहतात, 2019 ला ठरलं की चुकून हाताला लागून पुढे टीममेटने गोल केला तरी रद्द, 2021 ला ते काढून टाकलं, आता ज्याच्या हाताला लागला त्यानेच लगेच मारला तरच रद्द. टीव्हीवर स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात मुद्दामच वाटतो, आणि मैदानात आम्हाला दिसतात चार जणांच्या पाठी. म्हणून मी आवाजावर जायचो, हाताला लागल्याचा आवाज वेगळा येतो असं माझं ठाम मत होतं. एकदा तशीच आवाजावर पेनल्टी दिली, ती टीम त्याच गोलने हरली, संध्याकाळी कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, बॉल सरळ छातीला लागलेला. त्या रात्री जेवलो नाही.

---

आणि उरुग्वेचा सुआरेझ? 2010 च्या वर्ल्डकपला घानाविरुद्ध गोलात जाणारा बॉल गोललाईनवर हाताने अडवला, तिथे तर रेड कार्ड, पेनल्टी, सगळं बरोबर दिलं. तरी घानाच्या ग्यानने पेनल्टी बारवर मारली आणि शूटआऊटमध्ये घाना बाहेर. भाऊ म्हणतो गोलच द्यायला पाहिजे होता, मी म्हणते त्याने शिक्षा भोगली की. घरात यावर बोलायला बंदी आहे.

---

कोल्हापूरवाला परत. रेफ्री साहेब, ती छातीवाली मॅच कुठली ते सांगू नका हं, इथं वाचणारे लई हायत.