लाइटीच्या कामाला लायसन कशाला?

तापीकाठ, भुसावळ: काल एका भाऊंनी लिहिलं, "घरच्या लाइटीला लायसनवाला कशाला? गल्लीतला पोरगा निम्म्या पैशात करतो, कोणाचं काय बिघडलं?" आमचं बिघडलं, भाऊ. मागच्या मे महिन्यात आई लोखंडी कूलरमध्ये पाणी टाकत होती, तिचा हात बॉडीला चिकटला. वडिलांनी मेन पाडला म्हणून वाचली. बोर्ड उघडला तर प्लगातली अर्थिंगची (गळलेला करंट जमिनीत नेणारी) पिन न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला, जोडलेली! घरात अर्थिंग नव्हतं, तर त्या पोराने हा जुगाड केला. खांबावर न्यूट्रल सुटला आणि पंख्या-बल्बातून फिरून आलेला फेजचा करंट थेट कूलरच्या पत्र्यात. असं करायचं नसतं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

वायरमन, यावल: आईचं वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यांना एका काठीने हाकू नका. बावीस वर्षं काम करतोय, लायसन नाही. वायरिंग माझी, आणि ती तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर सही जळगावात बसलेल्या लायसनवाल्या ठेकेदाराची. त्याने घराचा उंबरासुद्धा पाहिलेला नसतो, पैसे मात्र मोजून घेतो. आधी त्याला धरा.

तापीकाठ: सही विकणारा दोषीच. पण नियम आजचा नाही, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत होता, २०२३ च्या नियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण कोणीही बदला. वायरिंगमध्ये फेरफार परवानाधारकानेच करायचा.

केळीवाला, रावेर: लोखंडी कूलर घेताच कशाला? फायबरचा घ्या, विषय मिटला.

वायरमन: मिटत नाही भो. पंप पाण्यात असतो. त्याची वायर सोलली की पाण्यातच करंट. अर्थिंग पाहिजेच, आणि आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा खडखडीत होतो. त्यात पाणी कोण टाकतं?

केळीवाला: आम्ही टाकतो. रोज दोन हंडे. सगळ्यांना आळशी समजू नका.

वायरमन: शंभर घरं फिरलोय मी, तुम्ही एकच सांगताय.

मास्तर, अमळनेर: खड्ड्यावर किती भांडाल? आरसीसीबी बसवा, करंट गळला की लाइट तोडणारा डबा. ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडतो. जादा लोडला पडणारा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. आयटीआयमध्ये पोरांना हेच घोकून घेतो.

वायरमन: दोन घरी बसवला. सारखा पडायचा. गिऱ्हाइकाने शिव्या देऊन काढायला लावला.

मास्तर: दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधले असतील. दोष डब्याचा नाही, वायरिंगचा. आणि वायरिंग कोणाची?

वायरमन: तोंड सांभाळा, मास्तर. तुमची दोन वर्षं शिकलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पाइपात वायर ओढता येत नाही.

मास्तर: येत नाही, खरं आहे. वर्गात तीस पोरं आणि बोर्ड चार. पण न्यूट्रलचं त्यांना कळतं.

वायरमन: बरं. न्यूट्रलचं मला ठाऊक नव्हतं, लिहून देतो. लायसनची परीक्षा तालुक्याला घ्या, मराठीत घ्या, हातचं काम बघा, पहिला मी बसेन. दिवसाची मजुरी बुडवून जळगावच्या चकरा मला परवडत नाहीत.

तापीकाठ: ही मागणी माझीही. पण परीक्षा होईल तेव्हा होईल. पिन न्यूट्रलला जोडलेली तुमची घरं किती?

वायरमन: आठवतात ती तीन. उद्या सकाळी जातो, अर्थिंगची पट्टी आणि रॉड घेऊन.