फादरना तेल लावायला बोलावलं की माणूस जातं, हे खरं आहे का?

जालन्याची लेक:
माझं माहेर जालन्याचं, सासर वैजापूर तालुक्यातलं. माहेरी आम्ही प्रॉटेस्टंट, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन एवढे दोनच संस्कार मानणारे. सासरी कॅथलिक, तिथं सात, आजाऱ्याला फादरनी पवित्र तेल लावणं हा त्यातलाच एक. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, साखर आहे, हृदय कमजोर झालंय. आता संभाजीनगरला खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि डॉक्टरांनी जोखीम स्पष्ट सांगितली आहे. त्या स्वतःच म्हणतात, "आधी फादरला बोलवा, मला तेल लावून घेऊ द्या." थोरले भावजी मात्र ऐकत नाहीत. तेल म्हणजे शेवटचं, फादर दारात दिसले की आई धसका घेईल, असं त्यांचं म्हणणं. बोलावलं तर घरी तयारी काय लागते? इन्सुलिनमुळे त्यांना उपाशी ठेवता येत नाही. आणि मी तिथं थांबलेलं चालेल का?

सिल्लोडकर:
ताई, भावजींनाही समजून घ्या. आमच्या आजोबांना तेल लावलं आणि त्याच रात्री ते गेले. घरात ती आठवण राहतेच.

मास्तर, गंगापूर:
ताई, मी वाड्यावस्त्यांवर धर्मशिक्षकाचं काम केलं, फादरांच्या मोटारसायकलवर मागं बसून कितीतरी आजाऱ्यांकडं गेलो. तुमच्या सासूबाईंचंच बरोबर आहे. आजारी माणूस स्वतः संस्कार मागतंय आणि घरच्यांनी अडवायचं, हे मला सोसत नाही.

भावजींची भीती कुठून आली तेही सांगतो. पूर्वी हा संस्कार मरणाच्या दारात असलेल्यालाच द्यायची रीत होती. त्यात आपल्याकडं निरोप सायकलवरून जायचा, फादर दुसऱ्याच वाडीला गेलेले असायचे. ते पोचेपर्यंत माणसाला घरघर लागलेली. लोकांनी एवढंच पाहिलं की फादर आले आणि माणूस गेलं. सिल्लोडकरांच्या आजोबांचंही बहुधा तसंच, बोलावणंच उशिरा गेलं असेल.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, सांगितलं की हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांचा नाही. आजारानं किंवा म्हातारपणानं जिवाला धोका सुरू झाला की वेळ आलीच म्हणून समजा. मोठ्या दुखण्याचं ऑपरेशन असेल तर त्याआधी घेता येतो. बरं वाटून माणूस पुन्हा पडलं तर पुन्हा मिळतो, त्याच दुखण्यात प्रकृती जास्त ढासळली तरी मिळतो. आयुष्यात एकदाच घ्यायचे ते बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि गुरुदीक्षा (फादर होताना मिळते ती). माझ्या वडिलांना तेल लागलं, त्यानंतरही ते कापूस वेचणीला शेतात उभे होते. तेल हे औषध आहे असं मी म्हणत नाही, ऑपरेशन करायचंच. पण त्या प्रार्थनेत पापांची क्षमा मागतात तशी आजाऱ्याला उठवून उभं करण्याचीही मागणी असते. मरणाऱ्यासाठी खास आहे तो शेवटचा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र केलेली भाकर, वाटेची शिदोरी म्हणून देतात तो.

तयारी फार नाही. खाटेजवळ छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. फादर आल्यावर घराला शांती मागतात, पवित्र पाणी शिंपडतात. सासूबाईंना पापनिवेदन करायचं, म्हणजे फादरांपुढं पापं कबूल करायची असतील तर तेवढा वेळ बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मग बायबलमधलं वचन वाचतात, फादर काही न बोलता त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात, नंतर कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल. १९७२च्या आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय सगळीकडं लावत. पोप सहावे पॉल यांनी तो विधी सुटसुटीत केला. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि ख्रिस्तप्रसाद.

ख्रिस्तप्रसादाआधीचा तासभराचा उपवास आजारी आणि वृद्ध माणसांना लागू नाही, सेवा करणाऱ्यांनाही नाही. वेळेवर जेवू घाला.

तेलाबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पवित्र आठवड्यात बिशप ते आशीर्वादित करतात आणि तिथून ते पॅरिशोपॅरिशी, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये जातं. आपला धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग, १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला, तेव्हापासून आपले बिशप संभाजीनगरला असतात. वस्तीवर खाटेला खिळलेल्या म्हातारीच्या कपाळाला फादर बोट लावतात तेव्हा अख्खा धर्मप्रांत तिच्यासाठी प्रार्थना करत असतो.

आणि तुम्ही अवश्य थांबा. ख्रिस्तप्रसाद सासूबाईंना आणि घरच्या कॅथलिकांनाच मिळेल, पण वचन हजर असलेल्यांपैकी कुणीही वाचू शकतं. फादरांना आधी विचारा आणि तुम्हीच वाचा: याकोबाचं पत्र, अध्याय ५, ओवी १४ आणि १५. माहेरचं बायबल काढलंत तरी हेच वचन सापडेल.

वॉर्डातली सिस्टर:
मी दवाखान्यात नोकरी करते, त्यातलं सांगते. जमलं तर भरती व्हायच्या आधी घरीच उरका. भरतीनंतर तपासण्या, सलाईन, भेटीच्या वेळा यात निवांतपणा मिळत नाही. आयसीयूत वेळ आलीच तर वॉर्ड इनचार्जना सांगून फादरना आत न्या, तेल लावायला थोडाच वेळ पुरतो. माणूस शुद्धीवर नसलं तरी हा संस्कार देता येतो. प्राण गेल्यावर मात्र देत नाहीत, तेव्हा फक्त प्रार्थना. म्हणून पुढं ढकलू नका.

जालन्याची लेक:
मास्तर, तुमचं उत्तर रात्री भावजींना वाचून दाखवलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. आज सकाळी त्यांनीच विचारलं, फादर शनिवारी मोकळे असतात का. फोन मी लावते आहे. वचन मीच वाचणार, असं सासूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलंय.