शब्दचर्चा: माहितीपूर्ण, सूचित की सुजाण संमती?

शंका: औषधचाचणीची मराठी कागदपत्रं तपासतेय. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'ला, म्हणजे चाचणीची माहिती समजून घेऊन रुग्णाने दिलेल्या संमतीला, एकाच गठ्ठ्यात तीन शब्द आहेत: माहितीपूर्ण, सूचित आणि सुजाण संमती. कुठला ठेवू? शिवाय रुग्णाला कुठे 'सहभागी' म्हटलंय, कुठे 'प्रयोगाधीन व्यक्ती'.

प्रतिसाद १: 'सूचित' आधी काढा. तो हिंदीतून आलाय. मराठीत सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. सूचित संमती म्हटलं की न बोलता, नुसती मान हलवून दिलेली वाटते. म्हणजे नेमकं उलटं!

'सुजाण' कानाला गोड लागतो, पण सुजाण नागरिक, सुजाण पालक यांत शहाणपण त्या माणसाचं असतं. इथे भार संशोधकावर आहे. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून माणसांवरच्या प्रयोगांचे नियम आले, त्या १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं. ती संमती खरी आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी प्रयोग सुरू करणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाची, दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही, असं तिथेच म्हटलंय. उद्या रुग्णाला काही कळलं नाही, तर तो सुजाण नव्हता म्हणून मोकळं व्हायचं का?

मी 'समजून दिलेली संमती' लिहीन.

प्रतिसाद २: अर्थ पटला, पण मथळ्यात 'माहितीपूर्ण संमतीपत्र' राहू द्या, तेच रुळलंय. लेख माहितीपूर्ण असतो, संमती कशी असेल, हे खरंच. पण चाचणीला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी त्यावर अडणार नाही. अडते ती आतल्या 'यादृच्छिकीकरण'सारख्या शब्दांवर. तिथे सरळ लिहा: 'कोणाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल.' लिहिता-वाचता न येणाऱ्यासमोर पत्र वाचताना निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून हजर लागतो. अंगठ्यापुरता बोलावलेला वॉर्डबॉय चालत नाही.

प्रतिसाद ३: 'परवानगी' आणि 'संमती'ची सरमिसळ झालीय का तेही बघा. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एका अभ्यासात मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस दिली, तेव्हा कित्येक फॉर्मांवर मुख्याध्यापकांच्या आणि वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुख्याध्यापक शाळेत येण्याची परवानगी देऊ शकतात. मुलीच्या दंडात सुई टोचायची संमती आईवडिलांचीच. आणि मुलीचा स्वतःचा तो 'होकार'. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांपर्यंत तो तोंडी चालतो, त्यापुढे १८पर्यंत लेखी लागतो. त्याला 'बालसंमती' म्हणू नका, पालकांची सही लागत नाही असा समज होईल.

शंका: आणि 'प्रयोगाधीन'?

प्रतिसाद १: खोडा. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा, जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. २०२४च्या सुधारणेत त्यांनीही 'सब्जेक्ट' काढून शीर्षकासकट 'सहभागी' केलंय. जाता जाता, संमती 'रद्द करणे' दिसलं तर 'मागे घेणे' करा. रद्द कार्यालय करतं. मागे रुग्ण घेतो, कारण न देता.