स्वतःच्याच मुलाला पियानो शिकवावा का? (वॅन क्लायबर्नच्या आईबद्दल माहिती हवी)

काळीपट्टी
नमस्कार मंडळी. मी चिपळूणला घरीच पियानो-कीबोर्डचे क्लास घेते, मुलं ग्रेडच्या परीक्षांना बसतात. प्रश्न माझ्याच लेकाचा आहे, वय वर्षं सहा. बाहेरची मुलं वाजवत असतात तेव्हा हा दिवाणावर लोळत ऐकतो आणि ती गेली की जाऊन नुसत्या कानावर तेच वाजवतो, कधी कधी त्यांच्यापेक्षा बरं. पण मी शेजारी बसून शिकवायला घेतलं की दहा मिनिटांत रडारड, "आई तू ओरडतेस", मग माझंही डोकं फिरतं आणि तिकडे पोळ्या राहिलेल्या असतात ते वेगळंच. सासूबाई म्हणतात दुसऱ्या कोणाकडे तरी घाल, पण इथे दुसरं आहे कोण, आणि ऑनलाइन म्हणाल तर एवढ्याशा पोराची बोटं कोण धरून बसवणार. परवा कळलं की वॅन क्लायबर्न या नावाजलेल्या अमेरिकन पियानोवादकाला त्याच्या आईनेच शिकवलं आणि तीसुद्धा छोट्या गावात घरी क्लास घ्यायची. नेटवर बघितलं तर सगळीकडे मुलाचंच कौतुक, आईबद्दल एखादी ओळ. कोणाला जास्त माहिती आहे का? तिने हे जमवलं कसं?

टेक्सासकर
ताई, मी डॅलसला असतो, वॅन जिथे वाढला ते किलगोर गाव इथून गाडीने दोनेक तासांवर, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाईंचं नाव रिल्डिया बी ओब्रायन, जन्म १८९६, टेक्सासमधलंच मॅकग्रेगर नावाचं गाव. आधी सिनसिनाटीला शिकल्या, मग न्यूयॉर्कला आर्थर फ्रीडहाइमकडे. हा फ्रीडहाइम म्हणजे एकोणिसाव्या शतकातला मोठा पियानोवादक फ्रांझ लिस्ट, त्याचा शिष्य आणि सेक्रेटरी. म्हणजे आपल्या भाषेत घराणं एकदम तगडं. बाईंचा स्वतःचा हातही स्टेजवर बसण्याइतका तयार होता, पण चांगल्या घरातल्या मुलीने कार्यक्रम करत गावोगाव फिरायचं हे घरच्यांना पटेना, झालं, आल्या परत आणि शिकवायला लागल्या. १९२३ ला हार्वी क्लायबर्नशी लग्न, ते तेल कंपनीत नोकरीला. वॅन हा एकुलता एक, १९३४ चा, लुइझियानातल्या श्रीवपोर्टचा जन्म, तेव्हा बाई ३७ वर्षांच्या. तो सहा वर्षांचा असताना बिऱ्हाड किलगोरला आलं.

आता हे किलगोर म्हणजे काय, तर १९३० च्या सुमाराला तिथे तेल सापडलं आणि गावात हजाराच्या वर विहिरी झाल्या, बँकेच्या शेजारी, लोकांच्या परसात, जागा मिळेल तिथे. त्या विहिरींवरच्या लोखंडी मनोऱ्यांपैकी काही अजून उभे ठेवलेत, ख्रिसमसला त्यांच्यावर दिवे लावतात. अशा तेलकट गावात ही बाई शेजारपाजारच्या पोरांना लिस्टच्या पद्धतीने बोटं ठेवायला शिकवत होती, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

तुमच्या लेकाचं वाचून हसू आलं कारण वॅनचं अगदी हेच. तीन वर्षांचा असताना एका विद्यार्थ्याचा धडा संपला, बाई आत कामात, आणि बाहेरून तोच तुकडा ऐकू येतोय. त्यांना वाटलं विद्यार्थी अजून गेलाच नाही. येऊन बघतात तर हा! पण त्यांनी नुसतं कौतुक करून सोडलं नाही. वाजवायचंय ना, मग काय वाजवतोयस ते कळून वाजव, असं म्हणून रीतसर स्वरलिपीपासून सुरुवात केली. आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला उपयोगी पडेल: धड्याला बसलं की मी तुझी आई नाही, शिक्षिका आहे, हे त्या त्याला स्पष्ट सांगायच्या. वॅनने पुढे मुलाखतींतून हे सांगितलंय.

मडगावची_मेरी
टेक्सासकर, मस्त लिहिलंत. एक भर घालते. बाईंचा दुसरा हट्ट म्हणजे आधी गा, मग वाजव. पहिलं वाद्य माणसाचा गळा, अशी शिकवण. वॅनचं वाजवणं ऐकलं तर कळतं, कुठेही घाई नाही, एकेक ओळ श्वास घेऊन सोडल्यासारखी. सतार-सरोदवाले गायकी अंग म्हणतात ते हेच की.

आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून पोरांना आधी सोल्फा (डो-रे-मी) गायला लावायचे, वाद्य नंतर हातात. मी माझ्या पुतण्याला शिकवते तेव्हा पियानोचं झाकण बंद ठेवते, त्यावर दोन्ही हातांनी ताल धरायचा आणि उजव्या हाताची ओळ तोंडाने म्हणायची, चुकली तर झाकण उघडत नाही. पहिल्या आठवड्यात वैतागला, आता स्वतःच म्हणतो "आंटी थांब, अजून म्हणू दे". काळीपट्टी, करून बघ गो. ओरडायला कारणच उरत नाही कारण चुकीचा सूर वाजतच नाही.

पेडगावचा_शहाणा
सगळे आरतीच ओवाळताय म्हणून जरा दुसरी बाजू. स्वतःला स्टेज मिळालं नाही म्हणून पोराला तीन वर्षांपासून पियानोला जुंपायचं, यात त्याला कोणी विचारलं होतं का? वडिलांना म्हणे त्याने डॉक्टर व्हावं असं वाटायचं. १७ वर्षांपर्यंत आईशिवाय दुसरा शिक्षक नाही, पुढेही कित्येक वर्षं आईसोबतच राहिला, आणि १९७८ ला चव्वेचाळिसाव्या वर्षी कार्यक्रम बंद केले ते किती तरी वर्षं. ही किंमत कोणी मोजत नाही. आपल्याकडे रिअॅलिटी शोच्या आया बघा.

टेक्सासकर
शहाणे, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही पण रिअॅलिटी शो कुठे आणि हे कुठे. १२ व्या वर्षी, १९४७ ला, तो ह्यूस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) वाजवून आला. आजची आई असती तर लगेच दौरे काढले असते. बाईंनी त्याला परत किलगोरच्या शाळेत बसवला. १९५१ ला तो न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत गेला, रोझिना लेव्हिनकडे, म्हणजे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं सुवर्णपदक मिळवलेल्या बाईकडे. स्वतःच्या हाताखालचा पोरगा दुसऱ्या गुरूच्या हवाली करणं सोपं नसतं हो, भले भले उस्ताद करत नाहीत.

आणि उलटंही झालंय. १९५७ च्या सुमाराला बाईंच्या पाठीला दुखापत झाली तेव्हा हा न्यूयॉर्क सोडून किलगोरला आला आणि आईचे क्लास त्याने चालवले. तेव्हा त्याच्याकडे फारसे कार्यक्रमही नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल १९५८, मॉस्कोची पहिली चायकॉव्हस्की स्पर्धा. शीतयुद्ध ऐन भरात, रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडला त्याला वर्ष पण झालेलं नाही, आणि २३ वर्षांचा टेक्सासचा उंचाडा पोरगा येऊन पहिला आला. परीक्षकांना अमेरिकनाला बक्षीस द्यायला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हची परवानगी घ्यावी लागली म्हणतात. तिथे अंतिम फेरीत वाजवलेला चायकॉव्हस्की म्हणजे तोच ह्यूस्टनवाला, आईजवळ बसून शिकलेला. रशियन लोक इतके हळवे का झाले तर त्यांना त्यांचीच जुनी पद्धत ऐकू आली. फ्रीडहाइम स्वतः सेंट पीटर्सबर्गचा होता!

कार्यक्रम थांबवण्याचं खापर आईवर फोडायला मला काही आधार दिसत नाही. वीस वर्षं तोच कॉन्चेर्टो लोक मागत राहिले तर माणूस कंटाळणारच. बाई १९९४ ला गेल्या, ९७ वर्षांच्या होऊन. फोर्ट वर्थच्या ब्रॉडवे बॅप्टिस्ट चर्चमधल्या भल्यामोठ्या ऑर्गनला त्यांचंच नाव आहे, कधी आलात तर ऐका.

पेडगावचा_शहाणा
बरं, परत शाळेत बसवला हे माहीत नव्हतं. तेवढ्यापुरते मार्क दिले बाईंना. बाकी मुद्दा कायम.

काळीपट्टी
सगळ्यांचे आभार, विशेषतः टेक्सासकर आणि मेरी. काल झाकण बंद ठेवून बघितलं. लेकाने ओळ म्हटली, मग "आता तू म्हण" म्हणून माझीच परीक्षा घेतली, पण रडला नाही. "मी तुझी आई नाही" हे वाक्य मात्र माझ्याच्याने होणार नाही, त्याऐवजी त्याची वेळ बाकीच्या बॅचमध्येच टाकली, सव्वापाचची, आणि इतर मुलांसारखं "टीचर" म्हणायचं ठरलंय. पोळ्या आता आधी करून ठेवते.

अवांतर: एका ओळखीच्यांकडे जुना उभा पियानो पडून आहे, देतो म्हणतात. इथल्या पावसाळ्यात टिकेल का?

मडगावची_मेरी
टिकतो, आमच्याकडे आहेत की. बाहेरच्या भिंतीला टेकवू नको, ओल धरते. आत वाळवी आणि उंदीर बघून घे, उंदीर हातोड्यांवरचं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) कुरतडतात. आणि ट्यूनरला (सूर जुळवणाऱ्याला) दिवाळीच्या पुढेमागे बोलव, जुलैत बोलावलास तर पैसे फुकट, हवा कोरडी झाली की सूर परत उतरणार.