गाडीत गाणं वाजतं, पण गायक डिकीत बसून गातो

घोडबंदरकर
सेकंड हँड हॅचबॅक घेऊन दीड महिना झाला. आधीच्या मालकाने अँड्रॉइड स्टिरिओ आणि पुढे वेगळे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, बसवून घेतलेत. धडधड येते, छुमछुम येते, पण गायक डिकीत बसून गातोय असं वाटतं. हार्मोनियम तर शोधावी लागते. ठाण्यात दोन दुकानांत दाखवलं. एकाने गाडीत न बसता, खिडकीतूनच कान देऊन 'अ‍ॅम्प्लिफायर टाका' म्हटलं. दुसरा म्हणाला, चारही स्पीकर बदला, १८ हजार. माझं मत सरळ आहे: यांना दोष शोधायचाच नसतो, माल खपवायचा असतो. मधला आवाज, म्हणजे साधारण ३०० ते ४,००० हर्ट्झ, खिशातला ट्रान्झिस्टरसुद्धा वाजवतो. तो गाडीत गायब असेल तर स्पीकर बिचारा निर्दोष आहे.

तुर्भेवाला
मी हेच काम करतो, म्हणून राहवलं नाही. गिऱ्हाईक येतं, तासभर दारं उघडून वायरी तपासायला लावतं आणि शेवटी विचारतं, 'बघायचे कसले पैसे?' मग दुकानदार सरळ स्पीकर बदला म्हणतो, त्यात नवल काय? आणि कंपनीचे स्पीकर निर्दोष वगैरे काही नसतात हो. साडेसहा इंची स्पीकर दारात खाली, तोंड तुमच्या गुडघ्याकडे. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज तो समोरच फेकतो, कानापर्यंत येतच नाही.

नौपाडा_नाईन्टीज
आधी इक्वलायझर, म्हणजे जाड-मधला-बारीक आवाज कमीजास्त करायचं सेटिंग, बघा. या अँड्रॉइड स्टिरिओंत 'रॉक' नाहीतर 'पॉप' लावलेलं असतं, दोन्ही टोकं वर आणि मध्ये दरी. सगळं शून्यावर आणा, लाउडनेस बंद करा.

घोडबंदरकर
केलं. फरक किंचित.

कोपरी_पूर्व
मग एक फुकटची परीक्षा. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. एकेकटी बाजू लावली की गायक भरदार आणि दोन्ही लावल्या की पोकळ, असं झालं तर एका दाराची प्लस-मायनस उलटी आहे. गायकाचा आवाज बहुतेक दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो. एक पडदा पुढे आणि दुसरा मागे गेला की आवाज एकमेकांना खातात.

तुर्भेवाला
साहेब, फेज, म्हणजे हे प्लस-मायनस, उलटला तर सगळ्यात आधी बास जातो. इथे तर धडधड येतेय म्हणतात! पुस्तकी निदान.

कोपरी_पूर्व
बास मागच्या स्पीकरमधून येत नसेल कशावरून? फेडर, म्हणजे पुढचे-मागचे स्पीकर कमीजास्त करायचं सेटिंग, पूर्ण पुढे घ्या आणि ऐका.

घोडबंदरकर
अहो, कमाल आहे! फेडर पुढे घेतला आणि धडधडच गेली. बॅलन्स डावीकडे नेला तर आली, गायकही आला. उजवीकडे नेला तरी तेच. दोन्ही एकत्र केले की पुन्हा पोकळ. माजिवड्याच्या सिग्नलला हा उद्योग करत होतो, मागच्या रिक्षावाल्याने आईवरून सुरुवात केली.

तुर्भेवाला
मान्य, फेज उलटा आहे. दार लगेच उघडू नका, आधी स्टिरिओमागचे जॉइंट बघा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, आणि काळी रेघ असलेली वायर ती मायनस. गाडीच्या मूळ वायरींचे रंग वेगळे असतात, तिथेच पोरं चुकतात. शंका असेल तर स्पीकरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस टोक तेच स्पीकरचं प्लस. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका, तिथे काही दिसत नाही.

घोडबंदरकर
रविवारी सकाळी केलं. उजव्या बाजूची करडी जोडी उलटीच जोडली होती, वर नीट टेप मारून. खर्च: टेपचं एक बंडल. १८ हजारवाल्याला आता फोटो पाठवतो. गायक डॅशबोर्डवर आलाय. पण 'च', 'श' अजून बोथट लागतात, शब्द स्पष्ट फुटत नाहीत.

तुर्भेवाला
फोटो नंतर पाठवा. ट्वीटरच्या वायरीत कपॅसिटर असेल, जाड आवाज अडवणारा छोटा भाग, त्यावर आकडा काय आहे?

घोडबंदरकर
४.७.

तुर्भेवाला
झालं. चार ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे तो साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास जोर धरणार. दारातला तुमच्या कानासाठी अडीच हजारालाच ढेपाळला. मधला खड्डा कोण भरणार? मी पहिल्यापासून हेच सांगतोय. पुढची एक कंपोनंट जोडी, म्हणजे दारातले स्पीकर आणि त्यांना जुळणारे ट्वीटर, घ्या; सोबत दोघांत आवाज वाटून देणारा नीट क्रॉसओव्हर येतो. मागचे बदलायची गरज नाही.

कोपरी_पूर्व
आधी १० मायक्रोफॅरडचा लावून बघा, चार हजारावर येईल. लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळतो. फक्त नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, मागा.

तुर्भेवाला
आणि त्या फुटकळ ट्वीटरवर चार हजारापासूनचा भार टाकला की मोठ्या आवाजात जळणार. मग म्हणाल दुकानदार बरोबर होता.

घोडबंदरकर
दोघांचंही ऐकतो. १० चा लावतो, आवाज बेताचा ठेवतो. ट्वीटर गेलाच तर तुर्भ्याला येईन, बघायचे पैसे देऊन.