मदत हवी आहे : रियाजाच्या वेळी खालून दुसऱ्या पट्टीतली पेटी

मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. सकाळी भैरव राग घेऊन बसले की खालच्या मजल्यावर पेटीचा क्लास सुरू होतो, पट्टी पांढरी पाच. म्हणजे त्यांचा सा माझ्यापेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली. थोड्या वेळाने माझा षड्ज (सा) उतरायला लागतो, आणि तो मला रेकॉर्डिंग ऐकल्यावरच कळतो!

खिडक्या बंद करून झाल्या. तानपुरा ॲपचा आवाज वाढवला, तर स्वतःचं गाणंच नीट ऐकू येईना. कानात घट्ट बसणारे इअरफोन घातले की आवाज डोक्यात घुमतो आणि सूर लागलाय की नाही याचा अंदाजच येत नाही. एकदा नाइलाजाने मीच पांढरी पाच धरली. सा जुळला, पण खाली शुद्ध स्वरांचे अलंकार (सरावाच्या स्वररचना) चाललेले. भैरवचा आंदोलित (हलता) कोमल रिषभ, म्हणजे शुद्ध रेच्या खालचा रे, सारखा शुद्धाकडे सरकत होता. हे तर जास्तच वाईट.

वेळ बदलता येत नाही, नंतर ऑफिस असतं. घर भाड्याचं आहे, भिंतींना काही लावता येणार नाही. क्लासवाले काका भले आहेत, त्यांची मुलंही शाळेआधीच येतात, त्यामुळे 'त्यांच्याशी बोला' हा सल्ला नको.

एका कानात तानपुरा आणि दुसरा कान मोकळा, असा रियाज कोणी नियमित केलाय का? त्याने सूर टिकतो, की माईकवरून स्वतःचा आवाजही हेडफोनमध्ये घ्यावाच लागतो?