महाविद्यालयीन फुटबॉल: खेळाडूंना पैसे मिळू लागले, मग प्रेक्षक नाराज का?

प्रश्न (शनिवारचा प्रेक्षक)

अमेरिकेतील ज्या विद्यापीठात माझे पदव्युत्तर शिक्षण झाले, तिथल्या फुटबॉल संघाचे सामने (म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉलचे) मी आजही सहसा चुकवत नाही. गेल्या हंगामानंतर आमचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव नोंदवून दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि पाठोपाठ माजी विद्यार्थी म्हणून मला एक ईमेल आला. ग्रंथालयासाठी किंवा गरजू विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर संघातील गुणवान खेळाडू टिकवून ठेवण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, अशी त्यात विनंती होती.

खेळाडूंना पैसे मिळू नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तुडुंब भरलेली स्टेडियम, दूरचित्रवाणीचे करार आणि प्रशिक्षकांचे पगार पाहता, मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्याच्या पदरात केवळ फीमाफी आणि राहण्याजेवण्याची सोय पडावी, हे मला पूर्वीही पटत नव्हते. तरीही तो ईमेल वाचल्यापासून माझा उत्साह ओसरला आहे. हे पैसे नेमके कोण देते आणि त्याला काही मर्यादा आहे का? शाळेतून येणाऱ्या खेळाडूंची भरती हा आता उघड लिलावच झाला आहे का? आणि माझ्यासारख्यांची नाराजी हा निव्वळ हळवेपणा आहे, की तिच्यात काही तथ्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (कलम पोटकलम)

पैशाच्या वाटा दोन आहेत, आणि त्या वेगळ्या न केल्यामुळेच बहुतेक चर्चा भरकटतात.

पहिली वाट बाहेरच्या पैशाची. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याचा मोबदला घेता येतो. यालाच सगळे एनआयएल म्हणतात. एनसीएए या नियामक संघटनेने हे दार राजीखुशीने उघडले नाही. यूसीएलए या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू पाहिला, त्याबद्दल आपल्याला छदामही मिळाला नसल्याचे त्याच्या लक्षात आले आणि २००९ मध्ये त्याने दावा दाखल केला. तिथून सुरू झालेली न्यायालयीन लढाई, २०१९ चा कॅलिफोर्नियाचा कायदा आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० मतांनी दिलेला निकाल, या साऱ्यांनी मिळून एनसीएएला भिंतीपर्यंत रेटले. ऑल्स्टनचा निकाल प्रत्यक्षात शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण पुढचा प्रत्येक निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कसोटीवर टिकणार नाही, हे सर्वांना कळून चुकले.

मग देणगीदारांनी एकत्र येऊन कलेक्टिव्ह नावाची मंडळे काढली. खेळाडूने एखाद्या कार्यक्रमाला हजेरी लावायची, चार स्वाक्षऱ्या द्यायच्या आणि त्याबद्दल भरघोस रक्कम घ्यायची, असा हा व्यवहार असे. भरतीच्या वेळी असे आमिष दाखवण्यावरची बंदी फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने रोखून धरली, आणि उरलासुरला पडदाही गेला. आपल्याला आलेला ईमेल याच परंपरेतला दिसतो.

दुसरी वाट थेट विद्यापीठाच्या तिजोरीतून जाते आणि ती अगदी नवी आहे. ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एनसीएएविरुद्धच्या खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. तीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायची आहे, आणि २०२५-२६ या वर्षापासून तडजोडीत सहभागी झालेल्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या सर्व खेळाडूंमध्ये मिळून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम वाटता येते; पहिल्या वर्षी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मर्यादा आहे ती या रकमेला. बाहेरच्या करारांना अशी एकूण मर्यादा नाही. मात्र ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार कळवावा लागतो, आणि त्यामागे खराखुरा व्यावसायिक हेतू आहे का, हे तपासले जाते. ही तपासणी न्यायालयात कितपत टिकेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

प्रतिसाद २ (राखीव बाक)

'लिलाव' या वर्णनाला माझी हरकत आहे. लिलावात बोली उघड असते आणि हातोडा पडल्यावर माल कुणाचा, यावर वाद राहत नाही. इथे रकमा गुप्त असतात आणि शब्द तोंडी दिले जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या यूएनएलव्ही संघाने पहिले तिन्ही सामने जिंकले असताना त्यांचा क्वार्टरबॅक हंगाम अर्धवट टाकून बाजूला झाला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते, तर विद्यापीठाने ती मागणीच नियमबाह्य ठरवली. दोघांच्या सह्यांचा नीट करार असता, तर ही वेळच आली नसती.

भरतीविषयी एक गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेतून निसटते. सर्वाधिक फटका बसला आहे तो शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, मधल्या कुवतीच्या मुलांना. पूर्वी विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष बाकावर बसून काढावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मोकळीक मिळाली आणि २०२४ मध्ये न्यायालयीन आदेशांमागोमाग हे बंधन जवळजवळ संपले. त्यामुळे नोकरी टिकवण्याच्या घाईत असलेला प्रशिक्षक अठरा वर्षांच्या मुलावर तीन वर्षे मेहनत घेण्यापेक्षा, दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू पोर्टलमधून उचलणे पसंत करतो. त्यातच हाउस तडजोडीने फुटबॉलमधील ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून १०५ खेळाडूंची संघमर्यादा आणली. आकडा वाढलेला वाटतो, पण शिष्यवृत्तीविना केवळ हौसेने सराव करणारे वॉक-ऑन खेळाडू धरून अनेक संघ याहून बरेच मोठे होते. त्यांतल्या अनेकांची जागा जाणार, हे पाहून विल्केन यांनी मंजुरी लांबवली आणि अशा खेळाडूंना संघमर्यादेतून सूट देण्याची तरतूद करून घेतली. ज्यांना एक डॉलरही मिळणार नव्हता, त्यांच्यासाठी न्यायाधीश अडून बसल्या, ही या प्रकरणातील मला सर्वांत भावलेली बाब आहे.

निष्ठेचा मुद्दा निघालाच आहे, म्हणून एवढेच सांगतो: नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना हटवले, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्यांचे साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे निघाले. काम न करण्यासाठी एवढी रक्कम मोजली जाते, तेव्हा 'खेळाचा आत्मा हरवला' अशी ओरड फारशी कानी येत नाही.

प्रतिसाद ३ (जुन्या रंगाचा झेंडा)

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मूळ प्रश्नकर्त्याच्या नाराजीला त्यांनी हळूच बगल दिली आहे. खेळाडूला पैसा मिळतो म्हणून मी रागावलेलो नाही. ऑगस्टमध्ये संघाची यादी हातात घेतली की निम्मी नावे अनोळखी असतात, याचा मला राग आहे. पहिल्या वर्षी चाचपडणारा मुलगा चौथ्या वर्षी कर्णधार होताना पाहणे हेच या खेळाचे वेगळेपण होते. उत्तम दर्जाचा खेळच पाहायचा, तर व्यावसायिक एनएफएल आहेच.

मात्र हा राग खेळाडूंवर काढणे मला अन्यायाचे वाटते. प्रक्षेपणाच्या पैशापायी बारापैकी दहा विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्यावरील पॅक-१२ गट सोडून गेली आणि २०२४ पासून स्टॅनफर्ड व बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटात खेळू लागली. पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस कुलगुरूंनी आणि क्रीडासंचालकांनी मोडीत काढली. एकोणीस वर्षांच्या मुलाने त्यांचाच कित्ता गिरवला, तर त्याला कृतघ्न म्हणायचे कोणत्या तोंडाने?

एक तक्रार मात्र राहतेच. मी देणगी देऊ लागलो, तेव्हापासून झेल सुटला की माझ्या तोंडून 'याला एवढे पैसे कशाला?' असे निघते. पूर्वी नुसते 'अरेरे' निघायचे. समर्थकाचा मालक होतो तो असा, आणि मला तो बदल आवडलेला नाही.

प्रतिसाद ४ (तिसरा घंटानाद)

चर्चा पुरुषांच्या फुटबॉलभोवतीच फिरते आहे, म्हणून थोडी भर घालते. हाउस तडजोडीतील भरपाईचा बहुतांश वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. काही महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध, १९७२ च्या टायटल नाइन या समानतेच्या कायद्याचा आधार घेऊन अपील केले, आणि भरपाईचे वाटप अडले. महिलांना प्रेक्षक नाहीत, हे कारण आता चालण्यासारखे नाही. २०२४ चा महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी.

परदेशी खेळाडूंची अडचण आणखी वेगळी आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत राहून जाहिरातीचे काम करणे जोखमीचे ठरते. केंटकी विद्यापीठाचा, काँगोतून आलेला ऑस्कर चीब्वे वर्षातील सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला होता, तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाला गेला असताना त्याने आपली एनआयएलची कामे तिथे उरकून घेतली.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (शनिवारचा प्रेक्षक)

सर्वांचे आभार. 'जुन्या रंगाचा झेंडा' यांनी माझ्या मनातली अढी माझ्यापेक्षा नेमकी मांडली. ईमेलमध्ये ही देणगी करसवलतीस पात्र असल्याचे सूचित केले आहे. ते खरे मानावे का?

प्रतिसाद ५ (कलम पोटकलम)

सरसकट मानू नये. खेळाडूंना पैसे देणे हाच ज्यांचा मुख्य उद्योग आहे, अशी अनेक कलेक्टिव्ह धर्मादाय करसवलतीच्या निकषांत बसत नाहीत, असे मत अमेरिकेच्या आयआरएस या करविभागाच्या कायदेतज्ज्ञांनी जून २०२३ मधील निवेदनात मांडले आहे. पैसे थेट विद्यापीठाच्या क्रीडानिधीत जात असतील, तर बाब वेगळी ठरू शकते. म्हणून रक्कम नेमकी कोणत्या संस्थेच्या नावे जमा होते, हे आधी लेखी विचारा आणि ते उत्तर आपल्या करसल्लागाराला दाखवा.